तळ्याच्या राखणदाराला गाऱ्हाणं

कांदिवलीच्या चारकोपमधल्या त्या सोसायटीत धोंडू परबांना ओळखत नाही असं शेंबडं पोरही सापडायचं नाही. ही ओळख नोकरीमुळे झालेली नव्हती. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पार्ल्यातल्या एका ऑफिसच्या इमारतीत चोवीस वर्षं लिफ्टमन म्हणून काढली, आणि लिफ्टमनच्या तोंडाकडे कोण बघतं? लोक आकड्यांकडे बघतात. ओळख होती ती त्यांच्या गाऱ्हाण्यामुळे, म्हणजे कोकणात देवापुढे मोठ्याने मागणं घालतात त्यामुळे.

कोणी नवी स्कूटर आणली, कोणाची मुलगी बारावीला बसली, पाण्याची टाकी दुरुस्त झाली, की धोंडूंना बोलावणं यायचं. टोपी सारखी करून, नारळ हातात धरून ते देवापुढे उभे राहायचे आणि खड्या मालवणीत सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा". दर ओळीला मागची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणायची. त्यात गुजराती होते, तमिळ होते, तळमजल्यावरचे मिश्राजीही होते. अर्थ निम्म्यांना कळत नसे, पण धोंडूंनी सांगितलं म्हणजे ते वर पोचलं याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? दिवसा माणसांना वर न्यायचं आणि संध्याकाळी माणसांचं म्हणणं वर पोचवायचं.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत अगदी बारीक गुठळी होती, नशीब थोर. हात सुधारला, पाय सुधारला, बोलणंही परत आलं. बाजारात कोळणीशी घासाघीस करण्याइतकं तर झकास आलं. पण नारळ हातात घेऊन उभं राहिलं, की तिसऱ्या ओळीनंतर धागा तुटायचा. "चुकला-माकला पोटात घाल" इथवर गाडी नीट यायची आणि पुढे मिट्ट काळोख.

गेल्या गणपतीत सगळ्या सोसायटीसमोर तेच झालं. धोंडू थांबले. लोकांनी वाट पाहिली. मागे दोनचार पोरं फिदीफिदी हसली. तेव्हा सेक्रेटरी नंदकिशोर, माणूस वाईट नव्हे पण घाईचा, त्याने खिशातून मोबाईल काढला, कुणाचं तरी रेकॉर्ड केलेलं गाऱ्हाणं शोधलं आणि स्पीकरला लावलं. लोकांनी त्यालाही "व्हय म्हाराजा" म्हटलं. धोंडू हातातला नारळ तसाच धरून उभे होते. तेव्हापासून त्यांनी नारळाला हात लावला नाही, आणि कोणी बोलावलंही नाही. हे दुसरं त्यांना जास्त लागलं.

मुलगा प्रीतम हे सगळं पाहत होता, पण त्याचा स्वभाव बोलण्याचा नाही, वेळापत्रक करण्याचा. तो एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. बाबांना हवापालट हवा असं त्याने ठरवलं आणि मे महिन्यात थेट स्वित्झर्लंडची तिकिटं काढली. ल्युसर्न नावाचं तळ्याकाठचं शहर, तिथे तीन रात्री. कोणत्या दिवशी किती वाजता कुठली बोट, कुठली गाडी, याचा त्याने असा तक्ता केला की मुलीचं लग्न जमवतानाही कोणी इतकी बारीक टिपणं ठेवत नसेल. धोंडू, त्यांची बायको सुलक्षणा, प्रीतम, सून श्वेता आणि नऊ वर्षांची नात अक्षता अशी पाच माणसं निघाली. निघताना देवापुढे नारळ ठेवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुलक्षणाने गुपचूप साखर ठेवली आणि विषय मिटवला.

ल्युसर्न बघून धोंडू खरोखर हरखले. शहराच्या मध्यात ते एवढं मोठं तळं, पाणी असं की तळाचे गोटे मोजून घ्यावेत, आणि पलीकडे मे महिन्यातही डोक्यावर बर्फ घेतलेले डोंगर. पण पहिल्या संध्याकाळी सगळे बोटीच्या धक्क्यावर आले आणि धोंडू फळीपाशी थबकले. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, ओठ हलवले आणि मागे फिरले. पोट बरं नाही म्हणाले. तुम्ही जाऊन या, मी बाकावर बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांबरोबर छप्पर असलेला जुना लाकडी पूल चालले, वरची चित्रं मान दुखेपर्यंत पाहिली. खडकात कोरलेल्या मरणाऱ्या सिंहासमोर बराच वेळ उभे राहिले आणि बिचाऱ्याला दगडात तरी नीट मरू द्यायचं, फोटो कसले काढता, असं कोणाला तरी मराठीत सुनावलं. पण दुपारी बोट आली, आणि पुन्हा पोट.

प्रीतम वैतागला. बोटीचा पास चार दिवसांचा काढला होता. श्वेताला वाटलं, डॉक्टरला दाखवावं. सुलक्षणाने मात्र निकाल देऊन टाकला.

"पोट बरा नाय म्हणता आनी सकाळी चार पाव खाल्ल्यान," ती म्हणाली. "खाडीत पवान मोठो झालेलो माणूस. ह्या पाण्याक भियाता काय?"

पाण्याला ते भीत नव्हते. मालवणजवळच्या खाडीकाठच्या गावात त्यांच्या बापाने त्यांना शिकवलेली पहिली गोष्ट अशी, की प्रत्येक पाण्याला, प्रत्येक डोंगराला राखणदार असतो. तो दिसत नाही. परक्या हद्दीत पाय टाकायचा तर आधी त्याला विचारायचं, आम्ही अमक्या गावचे, या कामाला आलो, लेकरं सांभाळ. न विचारता शिरणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात चपला घालून थेट चुलीपर्यंत जाणं. विमानाच्या वेळी त्यांनी मन मारलं, कारण आकाश कोणाच्या हद्दीत येतं हे बापाने सांगितलं नव्हतं. पण हे तळं होतं. इथे विचारणं भाग होतं, आणि विचारायला तोंडात शब्द नव्हते. हे कुणाला सांगायचं? मुलाला सांगावं तर तो म्हणणार, बाबा, मोबाईलवर लावू का.

त्या दुपारी नव्या बुटांनी अक्षताच्या टाचेला फोड आला होता, म्हणून ती आजोबांबरोबर बाकावर राहिली. बोट लांब गेली तशी धोंडूंना वाटलं, आता कोणी नाही, पुन्हा एकदा करून पाहू. ते उठून पाण्याकडे तोंड करून उभे राहिले आणि हळू आवाजात सुरू केलं. तिसऱ्या ओळीला थांबले. पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथेच थांबले.

"आजोबा, तुम्ही सारखे तिथेच का अडकता?" अक्षताने विचारलं.

मुलांशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तिला राखणदाराचं सगळं सांगितलं, आणि पुढची ओळ डोक्यातून पुसली गेली आहे हेही सांगितलं. अक्षताने गंभीरपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं की तो राखणदार जर्मन बोलत असेल तर मालवणी त्याला कळेल का. धोंडू म्हणाले, देवाला तळमजल्यावरच्या मिश्राजींचं कळतं तर ह्याला आपलं न कळायला काय झालं. मग दोघांनी हंसांना पाव घातला. तिथल्या पाटीवर हंसांना पाव घालू नका असं लिहिलं होतं, हे त्यांना नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी रिगी नावाच्या डोंगरावर जायचं होतं. आधी तासभर बोट, मग दातेरी रुळांवरून चढणारी लाल आगगाडी. सगळ्या सहलीचा कळस म्हणून प्रीतमने तक्त्यात ही ओळ पिवळ्या रंगाने रंगवली होती. भाड्याच्या त्या घरात सकाळी सुलक्षणाने कुळथाची पिठी आणि भात केला, कारण पावाने तिचा जीव विटला होता. धोंडू मान खाली घालून जेवले. आजही पोट दुखवायचं, आणि मुलाचं तोंड उतरताना पाहायचं. म्हातारपणी माणूस लोकांच्या वाटेतला धोंडा होतो असं ऐकलं होतं, आपलं तर नावच धोंडू, असा कडू विनोद त्यांनी मनातल्या मनात केला.

प्रीतम मात्र घरात नव्हता. तासाभराने तो थेट धक्क्यावरच भेटला, हातात कापडी पिशवी घेऊन. स्टेशनच्या मागच्या गल्लीत श्रीलंकेतल्या एका तमिळ माणसाचं दुकान होतं, तिथे तो गेला होता. पिशवीतून त्याने नारळ काढला. चांगला भरलेला, शेंडी राखलेला नारळ. दुकानदाराने विचारलं म्हणे, कोणत्या देवाला, आणि प्रीतमने तळ्याच्या दिशेला बोट दाखवलं होतं.

धोंडूंनी नारळाकडे पाहिलं, मग अक्षताकडे. ती लगेच हंस बघायला लागली.

"माका येवचा नाय, बाळा," ते म्हणाले. "तू जा. सगळ्यांका घेवन जा. माझ्यासाठी थांबा नको."

प्रीतमने खिशात हात घातला आणि मोबाईल काढला. आता हा रेकॉर्ड लावणार, त्या परक्या पाण्यासमोर, आणि आपण पुन्हा नुसते उभे राहणार. मरण बरं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. पण प्रीतमने मोबाईल बंद करून श्वेताकडे दिला. मग त्याने टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल टाकला, नारळ दोन्ही हातांत धरला आणि पाण्याकडे तोंड केलं.

या मुलाने आयुष्यात कधी मालवणीत एक वाक्य धड पुरं केलं नव्हतं. लहानपणी बापाच्या मागे उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणायलासुद्धा तो लाजायचा. आता तो घसा खाकरून बोलायला लागला.

"बा ह्या तळ्याच्या राखणदारा म्हाराजा. आमी कांदिवली, चारकोपसून इलेली परबांची माणसा आसंव."

"व्हय म्हाराजा," अक्षता, श्वेता आणि सुलक्षणा म्हणाल्या. शेजारी सायकल घेऊन उभी असलेली एक बाई दचकली.

"दोन दिवस तुका न विचारता तुझ्या पाण्यात बोटीतून फिरलंव. पास काढलेलो म्हणून. ता माझा चुकला."

"व्हय म्हाराजा."

"जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

आणि प्रीतम थांबला. त्याला पुढचं येतच नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याने जे ऐकलं होतं ते बापाच्या तोंडून, आणि बाप दोन वर्षं इथेच अडकत होता. बोटीवरच्या माणसाने घंटा वाजवली. लोक चढले होते. प्रीतमचे कान लाल झाले, पण नारळ खाली आला नाही.

धोंडू त्याच्या शेजारी उभे होते. लिफ्टमधला माणूस मजला विसरून गोंधळला की ते न विचारता हळूच सांगायचे, साहेब, चौथा. ती चोवीस वर्षांची सवय होती. तशीच ती ओळ त्यांच्या तोंडातून बाहेर पडली, विचार करायच्या आत.

"जी काय आडी-अडचण आसात," ते पुटपुटले, "ती दूर कर."

प्रीतमने मान वळवली नाही. पण त्याचा आवाज बदलला.

"जी काय आडी-अडचण आसात, ती दूर कर. माझ्या बाबांचो सबूद मधीच तुटता, तो जोडून दी. तेंका कोणी बोलावूक नाय तर मी बोलावीन. पण तेंचो सबूद तेंका परत दी रे म्हाराजा."

आता "व्हय" यायला हवं होतं. श्वेता पर्समध्ये रुमाल शोधत होती. सुलक्षणाने पदर तोंडाशी धरला होता. अक्षता मोठ्या माणसांकडे पाहत राहिली. कोणीच बोललं नाही, आणि गाऱ्हाणं अर्धवट राहून चालत नाही. सत्तर वर्षं ओलांडलेल्या धोंडू परबांनी हे शब्द लहानपणी बापाच्या मागे उभं राहून म्हटले होते, नंतर कधीच म्हटले नव्हते. ते नेहमी दुसऱ्यांनी म्हणायचे शब्द होते. त्यांनी टोपी काढली.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.

तोवर बोट सुटली होती. तिथल्या बोटी कोणासाठी थांबत नाहीत. पुढची तासाभराने होती, म्हणजे वरची गाडी चुकणार, म्हणजे पिवळ्या ओळीची पुरती वाट लागणार. प्रीतमने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बाकावर बसून डोळे पुसत होता आणि डोळ्यांत ऊन जातंय असं श्वेताला सांगत होता.

धोंडूंनी त्याच्या हातातून नारळ घेतला. हलवून पाहिला, पाणी भरपूर होतं. वर डोंगरावर गेल्यावर दगडावर फोडू आणि गाडीतल्या सगळ्यांना खोबरं वाटू, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग त्यांनी मुलाकडे न बघता विचारलं, त्या तमिळाच्या दुकानात आणखी नारळ होते काय.

होते, प्रीतम म्हणाला. का?

"उद्या आपण निघतंव," धोंडू म्हणाले. "इलंव तेव्हा इचारलंव, जाताना रजा घेवक व्हयी. ता गाऱ्हाणा येगळा आसता." त्यांनी नारळ मांडीवर नीट ठेवला. "ता मी घालतंय. तू माझ्या बाजूक उभो ऱ्हव."