गाळलेले वाक्य

तीन वर्षांपूर्वी खांद्याएवढ्या तुरीत उभे राहून मी पाच माणसांना एक पंचनामा वाचून दाखवला आणि त्यातले एक वाक्य गाळले. ते चुकून राहिले नव्हते. माझे बोट त्या ओळीवरून गेले, आवाज गेला नाही. हे मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. पत्नीलाही नाही.

त्या दिवसाची सुरुवात अपमानाने झाली होती. तो अपमान मी पुढे ढाल म्हणून वापरला, म्हणून तो आधी सांगतो.

किन्हीराजा गावाच्या शिवारात नैसर्गिक वायूवर चालणारा वीजप्रकल्प उभारायचे घाटत होते. मी त्या कंपनीत स्थापत्य अभियंता. समुद्रकिनाऱ्यावरच्या अशा दोन प्रकल्पांची आखणी मी केली होती. जागा निवडताना काय पाहायचे, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. वायूची नळवाहिनी जवळ हवी, उच्चदाबाची वीजवाहिनी जवळ हवी, धरणाचे पाणी मिळायला हवे. कोळशाच्या प्रकल्पासारखा राखेचा तलाव लागत नाही, त्यामुळे जमीनही थोडी पुरते. थोडी पुरते, म्हणजे ती थोडी सरकवताही येते.

कंपनीने निवडलेली जमीन ई-क्लासची होती, म्हणजे कागदोपत्री सरकारी गायरान. प्रत्यक्षात गावाबाहेरच्या वस्तीतल्या कुटुंबांनी ती दोन पिढ्यांपासून दगड वेचून पिकाखाली आणली होती. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. आम्ही ही जमीन वाहतो, कसतो, एवढाच त्यांचा आधार. ती माणसे ज्या समाजाची, त्याच समाजाचा मी. माझे गाव त्याच जिल्ह्यातले रिठद.

मी तीन रात्री बसून एक पर्यायी आराखडा काढला होता. टर्बाइनचे घर आणि वीज बाहेर पाठवणारे स्विचयार्ड उत्तरेच्या बरडावर न्यायचे. तिथे नुसता मुरूम, कुसळही धड उगवत नाही. नळवाहिनी थोडी लांबली असती, एवढेच. पाहणीच्या दिवशी बाभळीखाली उभ्या असलेल्या जीपच्या बॉनेटवर मी तो कागद पसरला. आमचे प्रकल्पप्रमुख माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी कागद पाहिला नाही. त्याच्यावर चहाचा थर्मास ठेवला.

"तुम्हाला आराखडे काढायला आणलेलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला यांची भाषा येते, म्हणून आणलंय."

सोबतचे दोघे कनिष्ठ अभियंते हसले. प्रमुखांनी पेल्यात चहा ओतला आणि वस्तीतून बोलावलेल्या पंचांकडे हनुवटीने खूण करत म्हटले, "तुमचीच माणसं ना ही? मग अंगठे पटापट होतील."

तुमचीच माणसं. शब्द साधे होते. ते कोणत्या अर्थाने आले, हे मला कळले, हसणाऱ्यांना कळले आणि समोर उभ्या असलेल्या शेवंताबाईलाही कळले. पाच पंचांमध्ये ती एकटीच बाई. साठीची, डोक्यावर पदर, हातात विळा. ती सरळ माझ्याकडे वळली.

"वाचा ना भाऊ. तुमच्या तोंडून आयकतो आमी. त्या पोराचं बोलनं तं अर्धं नाकातच राह्यते."

पंच हसले. मी हसलो नाही.  मी पंचनामा हातात घेतला, पंचांसोबत तुरीत शिरलो आणि वाचू लागलो. दिशा, चतु:सीमा, माती, झाडे. मग ती ओळ आली: 'सदर जमीन पडीक असून तीवर कोणाचीही वहिती नाही.'

माझ्या दोन्ही बाजूंनी तूर उभी होती. शेंगा भरलेल्या. एक फांदी कागदाला घासत होती.

मी पुढची ओळ वाचली. शेवटी नेहमीचे शब्द होते, 'वरील मजकूर वाचून दाखविला, तो बरोबर आहे.' तेही वाचले. शेवंताबाईने अंगठा पदराला पुसला आणि उठवला. मागाहून इतर चौघांनी.

मी असे का केले? नोकरी जाईल, ही भीती होती. पण तेवढेच म्हणून थांबलो तर आणखी एक वाक्य गाळल्यासारखे होईल. मला त्या हसणाऱ्यांत जागा हवी होती. ती माणसे माझी नाहीत, हे मला थर्मास ठेवणाऱ्या माणसाला दाखवायचे होते. ज्याने मला खाली दाबले, त्याच्याच नजरेत वर यायचे होते. आणि त्यासाठी पायाखाली घ्यायला मला शेवंताबाईच सापडली.

माझे वडील रिठदला कोतवाल होते. गावभर दवंडी देत फिरायचे. हुकूम दुसऱ्यांचे, आवाज त्यांचा. एकदा रोजगार हमीच्या कामावर नावे नोंदवायची दवंडी होती. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने बजावले, वस्तीत सांगायचे नाही, नाहीतर आमच्या वावरात मजूर मिळणार नाहीत. वडिलांनी वस्तीत जाऊनच पहिली दवंडी दिली. चावडीपुढे सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडात बसली. घरी आल्यावर ते आईला एवढेच म्हणाले, "दवंडीतला सबूद खायचा नसते. लोकायचं दानापानी असते त्याच्यावर."

त्यांनी मार खाल्ला, शब्द खाल्ला नाही. मी शिकलो, खुर्चीवर बसलो, आणि खाल्ला.

पुढे वायुपुरवठ्याचा करार अडकला. प्रकल्प तीन वर्षे कपाटात पडून राहिला. प्रकल्पच झाला नाही तर माझा अपराधही झाला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग यंदा करार झाला आणि जनसुनावणी जाहीर झाली.

सुनावणीच्या सकाळी मी तालुक्याच्या गावी, मालेगावच्या बसस्टँडवर उतरलो. पहाटे हरभरा विकायला आलेली शेवंताबाई तिथेच परतीच्या गाडीची वाट पाहत होती. तिने मला आधी ओळखले.

"अवो भाऊ! पोट सुटलं की तुमचं. कंपनीचं खानं मानवलं वाटते." हातातल्या हरभऱ्याच्या टहाळातून तिने एक जुडी काढून माझ्या हातात दिली. "घ्या. त्याच वावरातला हाये." मग आवाज उतरवून म्हणाली, "लोकं म्हंतात, तुमची जमीन गेली. मी म्हनलं, अशी कशी जाईन? कागद आपल्या भावानं वाचून देल्ला. त्यात तसं काईच नव्हतं."

मी टहाळ हातात घेऊन उभा राहिलो. 

किन्हीराजाच्या शाळेच्या पटांगणात मंडप होता, व्यासपीठावर सुनावणी घेणारे सरकारी अधिकारी. पडद्यावर प्रकल्पाचे चित्र फिरत होते, स्वच्छ, बिनधुराचे. प्रकल्पप्रमुख व्यासपीठावरून म्हणाले, "एकही शेतकरी विस्थापित होत नाही. जमीन पडीक आहे. पंचांचे अंगठे आहेत." मग माइक माझ्याकडे दिला. "सांगा यांना, यांच्या भाषेत."

मी पिशवीतून पंचनाम्याची प्रत काढली. दिशा, चतु:सीमा, माती, झाडे. मग ती ओळ. ती मी दोनदा वाचली.

 मग शेवंताबाई उठली. "म्हंजे तवा तुमी हे वाचलंच नाही?"

"नाही."

प्रमुखांनी कोणाला तरी हात केला. माइक बंद पडला.

"काहून?" तिने विचारले. आता ती हसत नव्हती. आपल्या अंगठ्याकडे पाहत होती.

माझा आवाज मुळात लहान. जन्मात मी कोणावर ओरडलेलो नाही. बंद पडलेला माइक मी टेबलावर ठेवला, पायऱ्या उतरून तिच्यासमोर गेलो आणि मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असे बोललो. वस्तीत बोलतो तसे, रिठदचे.

"भेवानं. माही खुर्ची जाईन म्हून. आन् त्यायच्यात बसाले भेटावं म्हून. मी ते वाक्य खाल्लं, शेवंतामाय. तुमचा अंगठा खरा हाये, माहं वाचनं खोटं होतं. त्या दिवशी त्या वावरात तूर उभी होती, माह्या खांद्याएवढी. हे मी आज सुनावनीच्या साहेबायच्या समोर लिहून देतो. कोर्टात बलावलं तं तिथंबी हेच सांगीन. माफ कराच असं म्हनत नाही, ते तुमच्या हाती हाये. मी चुकलो. तुमची माफी मागून राह्यलो."