मुठेल लावलेले हात

रोह्याला कंपनीतल्या एका सोबत्याच्या घरी आमसुलं करत. रातांब्याच्या साली वाळत घालायच्या आणि बिया परसात टाकून द्यायच्या. मे महिन्यात शिफ्ट सुटली की त्या बिया पिशवीत भरून मी गाडीने पेणला आणायचो. सगळा डबा आंबूस वासाने भरून जाई आणि मला झोप लागे.

बायको बिया राखेत घोळून वाळवी, कुटून पाण्यात उकळी. वर तरंगलेलं तेल थिजलं की मुठीत दाबून गोळे करी. ते मुठेल. भेगांवर फार गुणाचं.

शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातल्या बायकांचे हात शाडूने उलत. त्यांच्यासाठी बायकोने माझ्याकडे गोळे दिले. म्हणाली, "संध्याकाळी घरी जाताना लावा म्हणावं."

मी भरदुपारी गेलो. मूर्तींचे डोळे रंगवणारी म्हातारी मावशी तळवा पुढे करून म्हणाली, "हात हाय का सुकलेलं मिठागर, बघ." बाकीच्या हसल्या. मी तिथेच तिच्या हातावर मुठेल चोळलं. ती डोळे मिटून बसली. रंग न दिलेल्या त्या मूर्तींच्या रांगेत तीही एक मूर्तीच वाटली. बायकोचा निरोप मला आठवत होता, पण मावशीचं ते सुख मला तेव्हाच बघायचं होतं. निरोप मी दिलाच नाही.

त्याच हातांनी तिने एका मूर्तीचं पोट साफ केलं. दुसऱ्या दिवशी तिथे तेलामुळे रंग धरेना; बोटं उमटलेली दिसत होती. मी दारात असताना मालक तिला म्हणाला, "मावशे, तू आता माती मळायला बस. डोळे दुसरी रंगवंल."

ती कुंचला ठेवून उठली. मुठेल मी लावलं होतं हे न सांगताच मी शिफ्टला गेलो. दिवसभर यंत्रांच्या आवाजात मला तिचे मिटलेले डोळे दिसत राहिले.

परतल्यावर मालकाला सांगितलं, "तिची चूक नाय दादा, माझी हाय."

त्याने ती बोटं उमटलेली मूर्ती माझ्यापुढे सरकवली. "मंग ही मूर्ती तुझ्या घरी ने," म्हणाला, आणि मावशीला हाक मारली, "ये गो, या गणपतीचे डोळे तूच कर."

विसर्जनाला मी नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. बाकीची माती हळूहळू विरघळत होती. पोटावरची बोटं मात्र पाणी अंगाला लावून घेत नव्हती. ती विरेपर्यंत मी मूर्ती हातातून सोडली नाही.