इब्र्याजवळची टर्कीची शिकार

मुलांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांनी तुम्हाला ओमानमधली टर्कीची शिकार सांगितली. त्यात एक लांडगा होता आणि आजोबांच्या हातात बंदूक होती. लांडगा नव्हता, आणि बंदूक दुसऱ्याच्या हातात होती. त्यांनी आणखी दोनदा सांगितली की तीच गोष्ट खरी होऊन बसेल, म्हणून आज दुपारची झोप सोडून लिहायला बसले आहे. सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा, आजोबांना नको.

दहा-अकरा वर्षांपूर्वी आम्ही मस्कतला वादी कबीरमध्ये राहत होतो. आजोबांच्या ऑफिसातल्या एका ओमानी इंजिनीअरची इब्र्याजवळ खजुराची बाग होती. तिथे त्याची आई राहायची. तिने टर्की पाळल्या होत्या. अगदी पिल्लं असताना आणून, थंडीत स्वयंपाकघरात ठेवून वाढवलेल्या. एकदा बकऱ्यांनी खुराड्याचं दार मोडलं आणि त्या पळाल्या. वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या पलीकडे शमीची दाट झाडी होती. तिथेच त्या राहू लागल्या, रात्री झाडावर बसू लागल्या, माणूस दिसला की पळू लागल्या. पाळलेल्या टर्की रानटी झाल्या. कोल्ह्याने बऱ्याच खाल्ल्या. एक नर आणि दोन माद्या उरल्या.

तिचा मोठा मुलगा म्हणाला, कोल्ह्याने खाण्यापेक्षा आपण खाऊ. बंदूक त्याची. आईने त्याच्याकडून कसाबसा एक शुक्रवार मागून घेतला. त्या सकाळी जिवंत सापडल्या तर तिच्या, नाहीतर त्याच्या.

हे ऐकून आजोबांनी ऑफिसात जाहीर केलं, टर्की मी बोलावतो. वसंतात मादीचा आवाज काढला की नर ओरडून उत्तर देतो, असं त्यांनी इंटरनेटवर पाहिलं होतं. मग आठवडाभर बाथरूममध्ये सराव. शेजारच्या रत्नागिरीच्या आपांनी, म्हणजे ताईंनी, मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "भाईंची तब्येत बरी हाय ना?"

गुरुवारी रात्री आम्ही बागेत मुक्कामाला गेलो. शुक्रवारी उजाडायच्या आत सगळे वादीच्या काठाला. मार्च महिना होता, हवा गार होती. मला गाडीजवळ चटईवर बसवून आजोबांनी बजावलं, "एक शब्द बोलायचा नाही."

आजोबा एका खडकाआड बसून मादीचा आवाज काढू लागले. झाडीतून काहीच उत्तर नाही. त्यांनी पुन्हा काढला. लांबून एक गाढव ओरडलं.

मोठा मुलगा आजोबांना हिंदीत म्हणाला, "मुहंदिस साब, शादी का रिश्ता आया. गधे का." मुहंदिस म्हणजे इंजिनीअर. तो हसत होता, पण बंदूक त्याने खांद्यावरून खाली घेतली होती. त्याची आई भिजवलेल्या जवाचं ताट घेऊन उभी होती. ती हसली नाही. नुसती झाडीकडे पाहत होती.

आभाळ पांढुरकं होत आलं, तशी मी न्याहारीची तयारी काढली. कणीक मळून नेली होती, भाजीला बटाटे उकडायचे होते. छोट्या गॅसच्या शेगडीवर मी कुकर चढवला. आणि थोड्या वेळाने त्या शांततेत कुकरची शिट्टी झाली.

आजोबा तिथूनच खेकसले, "अगं! तुला सांगितलं होतं ना, बोलायचं नाही!"

"मी कुठे बोलतेय? कुकर बोलतोय."

तेवढ्यात झाडीतून आवाज आला. गुडगुडगुडगुड! सगळे थिजलेच. आजोबांनी मला हाताने खूण केली, आच वाढव. दुसरी शिट्टी झाली, पुन्हा गुडगुड. आता झाड कोणतं तेही कळलं. वरच्या फांदीवर नराचा पिसारा फुललेला दिसला आणि त्याच्याखाली दोन माद्या.

मोठा मुलगा पुढे सरकला. आईने मागे न बघता हात आडवा केला आणि ती एवढंच म्हणाली, "खलास." अरबीत खलास म्हणजे पुरे, आता थांब. ती एकटीच वादी ओलांडून गेली. झाडाखाली बसली, जव पसरले आणि स्वयंपाकघरात पिल्लांना हाक मारावी तशी जिभेने टक्‌टक्‌ करू लागली. बराच वेळ काही झालं नाही. मग एक मादी धपकन खाली आली, पाठोपाठ दुसरी. जव खात खात पहिली अगदी तिच्या मांडीपर्यंत पोचली. तिने अंगावरची शाल अलगद तिच्यावर टाकली आणि तिला उचलून छातीशी धरलं. मला दुरूनही तिचे खांदे हलताना दिसले.

ती तशीच उठून ताट हलवत बागेकडे चालू लागली. दुसरी मादी तिच्या मागे, आणि पिसारा मिटून नर तिच्या मागे. अशी ती वरात आमच्यासमोरून गेली. मोठ्या मुलाने बंदूक गाडीत ठेवली आणि चटईवर बसून पुरीभाजी मागितली. "टर्की तो गई," तो मला म्हणाला, "अब आलू तो दो, सिस्टर."

आजोबांनी तेव्हाही सांगून टाकलं होतं की नर त्यांच्याच आवाजाने जागा झाला, शिट्टीने फक्त बोलला.

खुराड्याला त्याच दिवशी लोखंडी दार लागलं. त्या उन्हाळ्याआधी दोन्ही माद्या अंड्यांवर बसल्या. त्या माउलीला जाऊन आता चार वर्षं झाली. खुराडं आता मोठा मुलगा सांभाळतो. तिच्या टर्कींची पिल्लं, आणि त्यांचीही पिल्लं, त्या बागेत आजही आहेत.