बहिणींच्या हिश्श्यावर एल.एल.एम.

फॅमिली लॉमध्ये एल.एल.एम. करतोय असं एकदा कुणापुढे बोलून गेलं, की अभ्यास राहतो बाजूला आणि किस्सेच जास्त जमतात. मी शहापूर कोर्टात वकिली करतो, गाव किन्हवलीजवळ. चाळिशीत ही हौस सुचली. विषय घेतला, लग्न झालेल्या मुलींचा बापाच्या जमिनीतला हिस्सा. कायदा म्हणतो मुलीला मुलाइतकाच. आमच्याकडे मुली काय करतात? हक्कसोड पत्रावर सही करून मोकळ्या होतात. त्या असं का करतात हे शोधायला पन्नास बायकांकडून फॉर्म भरून आणायचे होते. एक मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. गाइड मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "एकोणपन्नास आणलेत तरी व्हायवा नाही. दोन वर्षं पाण्यात गेली समजा."

त्या पन्नास फॉर्मांनी मला जेवढं छळलं, तेवढं कुठल्या अशिलानेही छळलेलं नाही.

*

सुरुवात घरापासूनच. शेजारच्या आबांनी एसटी स्टॉपवर माझ्या हातात पुस्तकं बघितली.

"तू वकील व्हतास ना रे?"

"आहे की अजून."

"मंग परत कॉलेज कशाला? पयल्या टायमाला नीट शिकवला नाय काय?"

मी दहा मिनिटं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे काय ते समजावलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एसटीत चढता चढता म्हणाले, "म्हंजी तसाच. नापास."

*

मॅडम चांगल्या, पण त्यांचं एका शीर्षकावर समाधान होईल तर शपथ. 'महाराष्ट्र' लिहिलं तर म्हणाल्या फार मोठं. 'ठाणे जिल्हा' केलं, तरी मोठं. 'शहापूर व मुरबाड तालुके' केलं तर म्हणाल्या, "फार छोटं नाही का होत?" मग म्हणाल्या, "आणि मुरबाडला स्टेशन कुठलं?" मुरबाडला रेल्वेच नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ती मीच काढून टाकली.

"मग एवढं फिरता कशाला? ऑनलाइन फॉर्म पाठवा ना."

*

पाठवला. गावच्या ग्रुपवर लिंक टाकली, खाली लिहिलं: 'फक्त विवाहित भगिनींसाठी'. दोन दिवसांत अकरा फॉर्म भरून आले. मी खूश! उत्तरंही एकजात स्वच्छ होती. हक्क सोडला का, हो. स्वखुशीने, हो. काही दबाव, अजिबात नाही.

मला जरा शंका आली. एका नंबरवर फोन लावला तर पुरुषाचा आवाज.

"हा, तायचा फॉर्म मीच भरला. तिला कुठं टाइम हाय?"

"अहो, पण हक्क तिने सोडला ना? मग तिनेच नको का सांगायला?"

"साहेब, सोडला तवा पण समदा मीच बघितला."

अकराच्या अकरा फॉर्म भावांनी भरलेले! सगळे रद्द केले आणि मोटारसायकल काढली.

*

माझ्याबरोबर शिकणारी वैशाली मुरबाडची. तिचा विषय परस्पर संमतीने घटस्फोट. सासरी तिने 'कुटुंबावर अभ्यास आहे' एवढंच सांगून ठेवलं होतं. एके दिवशी सासूबाईंना गादीखाली पुस्तक सापडलं, वर ठळक अक्षरांत 'घटस्फोट'. संध्याकाळपर्यंत दोन मावश्या, एक चुलतसासरे आणि माहेरची माणसं ओसरीवर हजर. वैशाली कॉलेजातून आली तेव्हा नवरा रडवेला होऊन म्हणाला, "माझं काय चुकलं ते तरी सांग."

तिने सगळ्यांना सिलॅबस दाखवला. कुणाचाही विश्वास बसला नाही. नवरा मात्र त्या दिवसापासून सकाळचा चहा करतो.

मी तिला म्हटलं, विषय बदल, कशाला डोक्याला ताप? ती म्हणाली, "वेडा आहेस का?"

*

तानसा धरणाच्या वरच्या अंगाला एका आदिवासी पाड्यावर गेलो. एक बाई नातवाला मांडीवर घेऊन मोहाची फुलं निवडत बसली होती. मी पहिलाच रकाना विचारला, लग्नाची तारीख.

"नाय झाला."

"अहो, मग हा नातू?"

"पोरीचा हाय. तिचा पण नाय झाला." आणि माझा चेहरा बघून समजावलं, "जेवण घालाया जमला की करू. मायलेकीचा एकाच मांडवात."

मी पेन धरून बसलो. विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित, एवढेच चौकोन होते.

"काय लिहू मग?"

"लिव ना, करायचा हाय."

मॅडमनी तो फॉर्म बाद केला. म्हणाल्या, या लोकांना तो वारसा कायदा लागूच नाही, हे वकिलाला माहीत नसावं? माहीत होतं हो. बाईंचं ऐकता ऐकता विसरलो.

*

टोकावड्याकडच्या एका मावशींवर मात्र मी खरोखर चिडलो. चार भाऊ, भरपूर भातशेती, आणि यांनी एका साडीवर सही दिलेली. मी अर्धा तास कलमं ऐकवली. शेवटी विचारलं, "मागितला असता हिस्सा तर काय झालं असतं?"

"काय नाय झाला असता. गौरी-गणपतीला माहेरी न्यायाला कोण आला नसता, एवढाच."

"मावशी, कायदा तुमच्या बाजूने आहे."

"आसंल. तो येल का गौरीला न्यायाला?"

मला वाईट वाटलं, आणि रागही आला, त्यांच्या चारही भावांचा. प्रबंधात भावांवर सणसणीत सहा पानं लिहिली.

*

एकोणपन्नास झाले. उद्या शेवटचा दिवस, आणि पन्नासावी बाई ऐनवेळी नाही म्हणाली. घरातला फॉर्म घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण इलाज नव्हता. माझी ताई खर्डीला असते. तिच्या मुलाबरोबर कोरा फॉर्म पाठवला, संध्याकाळी भरून आला. न वाचताच गठ्ठ्याच्या तळाशी घातला आणि सबमिट केला. फॉर्मवर नावं नव्हतीच, फक्त अनुक्रमांक.

व्हायवाला बाहेरून आलेले सर माझ्या सहा पानांवर फार खूश. "भावांना चांगलं धरलंय," म्हणाले. मग गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा कागद ओढून माझ्या हातात दिला. "हिचं अक्षर छान आहे. वाचा जरा मोठ्याने."

मी वाचायला लागलो.

"हक्कसोड पत्र केले आहे का? होय. सही करण्यापूर्वी मजकूर कोणी वाचून दाखवला का? नाही. तुम्ही विचारले का?"

"वाचा ना, थांबलात का?"

"नाही. गरज वाटली नाही. माझा धाकटा भाऊ वकील आहे."

सरांनी चष्मा काढला.

"या भावाला भेटलात का तुम्ही?"