सरांची गाडी

पस्तिसाव्या वर्षी मी एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली आणि पुढं वर्षभर ती माझी नाही असं सगळ्यांना सांगत राहिले.

तेव्हा मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते. आमच्या गल्लीत घरं कमी आणि हॉस्टेल, मेस, झेरॉक्सची दुकानं जास्त होती. माझं लग्न मोडून चार वर्षं झाली होती. पगार चांगला होता, आणि माझा म्हणावा असा खर्च काही नव्हता.

वर्तुळाकार गती हा धडा मी दरवर्षी शिकवायचे. वळणावरची गाडी, आतल्या बाजूचा बाण, बाहेरच्या बाजूचा बाण. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात वाहनांच्या कंपनीत लागला होता. एका सुट्टीत तो मला शहराबाहेरच्या एका खासगी ट्रॅकवर घेऊन गेला. म्हणाला, मॅडम, तुम्ही शिकवलेलं एकदा बसून बघा. मी शेजारच्या सीटवर बसले. दुसऱ्याच वळणावर सगळं अंग दाराकडं ओढलं गेलं आणि पट्टा बरगड्यांत रुतला. इतकी वर्षं फळ्यावर काढलेला बाण पहिल्यांदा अंगाला लागला. मी मोठ्यानं हसले. घरात किंवा क्लासमध्ये मी तसं कधी हसले नव्हते.

तिथंच एक निळी गाडी विकायला होती. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी. मालक माझ्याच वयाचा होता, पाठीच्या दुखण्यामुळं विकत होता. त्यानं मागच्या सीट काढून तिथं लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला होता, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस वाचावा. एसी काढलेला, गालिचा काढलेला. शॉकअप इतके कडक, की खडीवरून गेलं तरी दात वाजत. सायलेन्सरचा आवाज दोन गल्ल्या पलीकडं जाई. त्यानं विचारलं, मिस्टरांना दाखवून घ्यायची का? मी म्हणाले, मीच घेणार आहे, मीच चालवणार आहे. तेवढं एक वाक्य मी खरं बोलले.

गाडी चालवत लातूरला निघाले. टेंभुर्णी सोडल्यावर रस्ता बिघडला आणि माझी हौस तिथंच थोडी उतरली. टोलनाक्यावर सीट इतकी खाली, की पैसे द्यायला मला दार उघडून उभं राहावं लागलं. मुरूडच्या स्पीड ब्रेकरवर गाडीचं पोट घासलं, तेव्हा चहाच्या टपरीवरचे सगळे लोक उठून बघायला आले. एक जण वाकून आत बघत म्हणाला, बाई हाय की आत. मी काच वर केली.

लातूरला पोचले तेव्हा आमच्या इमारतीचा वॉचमन धावत आला. कुणाची गाडी, मॅडम, असं त्यानं साधंच विचारलं. मी म्हणाले, सरांची. सर म्हणजे आमच्या क्लासचे मालक. त्यांच्याकडं जागा नाही म्हणून इथं ठेवायला दिली आहे, असंही मी न विचारता सांगितलं.

एकट्या बाईनं असली गाडी घेतली म्हटल्यावर लोक काय म्हणतील, या भीतीनं मी बोलले. पण सरांची गाडी माझ्या घराखाली का उभी असते, हा त्याहून वाईट प्रश्न मीच लोकांच्या हातात दिला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दोन महिन्यांनी तो प्रश्न सरांच्या घरापर्यंत पोचला. सरांनी मला ऑफिसात बोलावलं. मॅडम, तुमच्याकडं माझी कुठली गाडी आहे, असं त्यांनी खाली बघत विचारलं. मी म्हणाले, वॉचमनचा गैरसमज झाला असेल. म्हणजे दोष त्याच्यावर टाकून मोकळी झाले. त्या दिवसापासून सर माझ्याशी बोलताना केबिनचं दार उघडं ठेवू लागले.

पण मला यापेक्षा जास्त लाज वाटते ती अण्णांशी खोटं बोलल्याची.

अण्णा म्हणजे माझे वडील. निलंग्याच्या एसटी डेपोत ड्रायव्हर होते. भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होते. आमच्या घराची मागची भिंत पडली, आम्ही वाचलो. उजाडायच्या आत अण्णा डेपोत गेले आणि पडलेल्या गावांकडं बस घेऊन निघाले. तीन दिवस ते जखमी माणसं लातूरच्या दवाखान्यात नेत होते. बसच्या मधल्या जागेत माणसं निजवलेली, आणि रस्त्याला खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मागून ओरडणं ऐकू यायचं, एवढंच त्यांनी आईला सांगितलं. त्यानंतर त्यांच्या हातून बस चालेना. वीसच्या पुढं काटा गेला, की हात कापायचे. शेवटी त्यांनी स्वतः अर्ज करून वर्कशॉपमध्ये बदली घेतली. तिथं बसच्या स्प्रिंगचे पाटे बदलायचे, ग्रीस भरायचे, आणि तेलानं काळे झालेले कपडे घालून घरी यायचे.

पुढं मी अकरावीला लातूरला आले. हॉस्टेलवर वकिलांच्या, डॉक्टरांच्या मुली होत्या. वडील काय करतात असं विचारलं तेव्हा मी सांगितलं, डेपो मॅनेजर आहेत.

गाडी घेतल्यावर महिन्याभरानं अण्णा डोळे तपासायला लातूरला आले. निवृत्त होऊन त्यांना पाचसहा वर्षं झाली होती. खाली निळी गाडी बघून ते थांबले. कुणाची म्हणाले. वॉचमन शेजारीच उभा होता. मी म्हणाले, सरांची.

अण्णा अर्धा तास त्या गाडीपाशी होते. खाली बसून चाकाच्या आत बघितलं, बॉनेट उघडायला लावलं, पिंजऱ्याचे जोड बोटांनी चाचपले. वेल्डिंग हातानं केलेलं आहे आणि करणारा कसबी आहे, म्हणाले. बॉनेट दोन्ही हातांनी दाबून बघितलं, गाडी जराही दबली नाही.

"यात आजारी माणूस नेता यायचं न्हाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पर लई जीव लावून केलंय कुणीतरी."

त्यांचा चेहरा मी बघत होते. वर्कशॉपचा विषय इतक्या वर्षांत त्यांनी घरी कधी काढला नव्हता, आणि आता ते मला शॉकअप समजावून सांगत होते. मी म्हणाले, बसा, एक चक्कर मारून आणते.

"मालकाला न इचारता दुसऱ्याच्या गाडीत बसू नये, बाई," अण्णा म्हणाले. "सरांना इचार. मग बसतो."

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. वॉचमन चहाला गेला होता, आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, बरं, विचारते.

त्यानंतर मी निलंग्याला जायचे ती एसटीनं जायचे. आई वारल्यापासून अण्णा एकटेच होते. जेवताना एखादवेळी विचारायचे, सरांची गाडी काय म्हणती? मी सांगायचे, बरी आहे. सरांना इचारलंस का? मी म्हणायचे, सर कामात असतात.

इकडं गाडीचं आरसी कार्ड मला मिळालं नव्हतं. आरटीओच्या एजंटला मी फोन करायचे, तो टपालानं पाठवलंय म्हणायचा, मी त्याला खोटारडा समजायचे. वर्ष होत आलं तेव्हा मी त्याच्या टेबलासमोर जाऊन भांडले. त्यानं शांतपणे टपालाची नोंद काढून दाखवली. पाकीट गाडी घेतल्यावर सात आठवड्यांनीच पोचलं होतं. मी पुरावा म्हणून मतदार कार्ड दिलं होतं, त्यावर पत्ता निलंग्याचा होता. पाकीट सही करून घेणाऱ्याच्या रकान्यात अण्णांचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी मी निलंग्याला गेले. अण्णा तांदूळ निवडत होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. ते उठले, कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पाकीट आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. पाकीट फोडलेलं होतं. आत कार्डावर माझं नाव.

"अण्णा, मला सांगितलं का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

मी काहीतरी बोलू लागले, लोक काय म्हणतात, गल्ली कशी आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग परत ताटापुढं बसले आणि खडे वेचता वेचता म्हणाले, "तू बारावीला असताना मी पालकांच्या मीटिंगला आलतो. तुझ्या मैत्रिणीचा बाप मला मॅनेजर साहेब म्हणाला. चहा पाजला. डेपोचं इचारत राहिला." एक खडा बाजूला टाकून म्हणाले, "मी हाव म्हणालो. तुझी फजिती नको."

मला हे माहीत नव्हतं. त्या मीटिंगला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि लवकर निघून गेले होते, एवढंच मला आठवत होतं. लवकर गेले म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन निलंग्याला गेले. भर दुपारी, सगळ्यांदेखत. गल्लीतली माणसं जमली. अण्णांनी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, लेकीची हाय. मी म्हणाले, आता बसा.

पण त्या वर्षात त्यांचे गुडघे गेले होते. या गाडीत बसायचं म्हणजे आधी पिंजऱ्याचा दारात आलेला आडवा पाइप ओलांडायचा आणि मग पाय लांब करून खाली घसरायचं. त्यांनी एक पाय आत टाकला, दुसरा उचलेना. मी पलीकडून हात धरला, शेजाऱ्यानं पाठीमागून आधार दिला. अण्णा मधेच अडकले. शेवटी तिघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं. लोक हसले, अण्णाही हसले. धोतरावरची धूळ झटकत म्हणाले, आपली एसटीच बरी. मागल्या साली जमलं असतं, असं कुणीतरी म्हणालं.

त्यांना गाडी चालू करून फक्त आवाज ऐकायचा होता. मी चावी फिरवली. ते बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. हात कापत होता. इंजिनामुळं की त्यांचाच, ते मला आत बसून कळलं नाही, आणि बाहेर येऊन मी विचारलं नाही.