बत्ती, खात्री, मिरची

माझी आत्या पिठाची गिरणी चालवते. तिचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून गिरणी आणि जीभ दोन्ही ती एकटीनंच चालवते, आणि दोन्हींचा आवाज सारखाच. गिऱ्हाइकानं डबा खाली ठेवायच्या आत ही त्याच्या घरातल्या भांडणाची चौकशी करते. लोक वैतागतात, पण दळण तिच्याकडेच आणतात.

गेल्या वर्षी मात्र तिचं काहीतरी बिनसलं. गिऱ्हाईक जाडसर म्हणायचं, ही बारीक दळून मोकळी. जेवताना काही विचारलं तर ताटात बघत बसायची, आणि दुसऱ्या दिवशी म्हणायची, “मला कोणी बोललंच नाही.” बाबा धास्तावले, कारण आजीचं विसरणं असंच सुरू झालं होतं. फिरत्या पट्ट्याजवळ असं माणूस नको, म्हणून ते गिरणी विकायच्या गोष्टी करू लागले. आत्या भांडली नाही. ज्या बाईनं भावाशी आयुष्यभर विळीवरून, पंख्यावरून भांडण काढलं, ती गप्प बसली, आणि माझी झोप उडाली.

त्याच सुमारास म्हाताऱ्या माणसांची पाहणी करणाऱ्या एक बाई गिरणीत आल्या. आपल्यासारख्या गरीब देशांत म्हातारी माणसं वाढताहेत, त्यांचं विसरणंही वाढतंय, पण ते कशामुळे हे फारसं कोणी तपासलेलं नाही, असं त्या सांगत होत्या. त्यांनी शाळा, रक्तदाब, चुलीचा धूर, एकटेपणा, सगळं विचारलं.

“नीट ऐकू येतं ना?” त्या मोटरीच्या वरताण ओरडल्या.

“न यायला काय झालं?” आत्या म्हणाली.

मग त्यांनी हत्ती, कात्री, खुर्ची हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. आत्या काहीतरी पुटपुटली, बाईंनी मान डोलावली. थोड्या वेळानं शब्द विचारले, तर आत्यानं भलतेच तीन सांगितले. तीनही चूक. बाबांना हे कळलं आणि त्यांनी गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली, दळणाचं नव्हे, गिरणीचं.

ज्यांचे शब्द चुकले त्यांची पुन्हा तपासणी करायची होती, म्हणून आठवड्याभरानं बाई घरी आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आतच आत्या वैतागून म्हणाली, “तेच ना त्या दिवशीचे? बत्ती, खात्री, मिरची. किती वेळा तेच ते विचारता?”

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मागच्या वेळीही आत्यानं हेच तीन सांगितले होते. विसरणारं माणूस आठवड्यानंतर तीच चूक त्याच क्रमानं कशी करेल? बाईंनी हळूच तोंडासमोर हात धरला आणि विचारलं, “आत्या, चहा ठेवता का?”

घरी कोणी आलं की चहाला पहिली उठणारी माझी आत्या ढिम्म हलली नाही. बाईंनी हात खाली घेतला आणि तेच विचारलं, तशी ती लगेच उठली.

मी आधी हसले आणि मग मला स्वतःचाच राग आला. एवढे दिवस ती आमचे ओठ वाचत होती, आणि आम्ही खाली मान घालून जेवता जेवता बोलत होतो. गिरणीत निदान सगळे ओरडतात तरी.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी कान तपासले, डोकंही तपासलं. डोकं वयाच्या मानानं उत्तम होतं. कान गिरणीच्या धडधडीनं गेले होते. “कान असेच सोडले तर पुढे विसरण्याचा धोका वाढतो,” डॉक्टर म्हणाले, “तेव्हा यंत्र लावाच.” बाबांचा जीव भांड्यात पडला. गिरणीचा विषय त्यांनी परत काढला नाही.

यंत्र लावून आम्ही घरी आलो. आत्या दारातच थांबली.

“आई शेवटी मला ‘अहो बाई’ म्हणायची,” ती म्हणाली. “पोटच्या पोरीला. अहो, तुम्ही कोण, कुठून आलात, म्हणायची. पोरी, मी एकदाही रडले नाही तेव्हा. पण वर्षभर मी सकाळी तुला हाक मारायला घाबरत होते. तोंडातून ‘अहो’ निघालं तर काय करू?”

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

“ए बावळट,” आत्या म्हणाली, “कानाशी मुसमुसू नकोस. सगळं ऐकू येतंय.”