शेपूट तुटलेला कोल्हा

प्राण्यांच्या लोककथांनी माणसाला शहाणपण शिकवलं. निदान त्या सांगणाऱ्यांचा तसा समज आहे.

माझ्या पुतणीला पाहुणे बघून गेले, त्याला आठवडा झाला होता. मुलगा तिला मनापासून आवडला होता आणि त्यांचा निरोप आज यायचा होता. मी दादाकडे पोचलो तेव्हा टीपॉयवरच्या फोनकडे न बघण्याची खटपट करत सगळे बसले होते. तेवढ्यात मांजराने खिडकीतून फ्रिजवर उडी मारली. अंदाज चुकला, ते धपकन खाली आलं आणि लगेच पंजा चाटू लागलं, जणू त्याच कामासाठी खाली यायचं होतं. कुणी हसलं नाही.

मला सापळ्यात शेपूट तुटलेला कोल्हा आठवला. शेपटीचं नुसतं ओझं होतं, असं तो इतर कोल्ह्यांना सांगत फिरतो आणि ते त्याला हसतात. लहानपणी मीही हसलो होतो. आता वाटतं, त्या बिचाऱ्याने दुसरं सांगायचं तरी काय?

फोन वाजला. "हो, हो, बरोबर आहे तुमचं," एवढंच दादा म्हणत राहिला. मग फोन ठेवून म्हणाला, "पत्रिका जुळत नाही म्हणतात."

"पत्रिकेपुढे कोण काय करणार," वहिनी म्हणाली. "आणि मुलगा जरा बुटकाच होता, नाही का गं?"

"होता खरा," पुतणी म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

दादाने तिची पत्रिका कधी केलेलीच नाही.